जन्माआधीची टोपी

गोदाला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. इतके दिवस ती चकती मांडीवर कशी भाकरीसारखी सपाट बसायची, आणि परवापासून तिचा काठ वर उचलायला लागला होता, आज तर ती वाटीसारखी खोल झाली होती. तिनं तळहातानं दाबून पाहिलं. हात काढला की काठ पुन्हा वर. हात आवळ पडला असणार, दुसरं काय! मडम रोज घसा कोरडा करून सांगायची, ‘तंग नहीं, ढीला, ढीला,’ आणि गोदाची बोटं काही ऐकायची नाहीत. आज शिव्या बसणार, निदान सगळं उसवावं लागणार, म्हणून तिनं ते गुपचूप पदराखाली सारलं. पण मडमेचं लक्ष होतंच. तिनं हसत ते काढून घेतलं, स्वतः शेवटचा एक फेर घातला, दोरा कात्रीनं तोडला, टोकाला गाठ मारली आणि गाठ आतल्या अंगाला दडवली. मग डाव्या हाताची मूठ वळून त्या मुठीवर ते पालथं घातलं. ते नीट बसलं. मडमेनं मूठ जराशी डोलवली, ओठ पुढे काढून लाडिक आवाज केला आणि दुसऱ्या हाताचं बोट गोदाच्या पोटाकडे दाखवलं. ‘तुम्हारा बाबा,’ ती म्हणाली, ‘टोपी.’ बंगल्याच्या ओसरीवर माघातलं ऊन चांगलं गुडघ्यापर्यंत आलेलं होतं, गोदानं पाय आत ओढून घेतले. नको म्हणावं तर कुठल्या भाषेत? मडमेनं ती टोपी दोन्ही हातांनी तिच्या पदरात ठेवली, देवाचा प्रसाद द्यावा तशी, आणि गोदानं सवयीनं पदर पुढे केला.

म्हणजे आपण टोपी करत होतो. झाकण नाही, दिव्याखालचं नक्षीकाम नाही, टोपी. तिला आधी कळलं असतं तर तिनं सुईला हातच लावला नसता. तसा तो पहिल्या दिवशीही लावायचा नव्हताच, कारण सुई हाडाची होती. पिवळट, गुळगुळीत, टोकाला आकडा. कुठल्या जनावराचं हाड ते विचारायची सोय नव्हती. गोदा रोज घरी जाताना पाटाच्या पाण्यात हात धुऊन मगच घरात शिरायची. मग शिकलीच कशाला? हा प्रश्न तिला जावेनं विचारला होता, नवऱ्यानं विचारला होता, आणि खरं उत्तर तिनं कोणालाच दिलं नव्हतं. हात रिकामे ठेववत नव्हते, हे ते उत्तर. माळ्याच्या घरात जन्मलेली, माळ्याच्या घरात दिलेली बाई. कळायला लागल्यापासून पहाटे उठून मोगरा, शेवंती, झेंडू ओवला, गजरे बांधले, हार केले. या बंगल्यावरही ती आधी फुलंच घेऊन यायची. मडम रोज एक परडी घ्यायची आणि मागच्या लिंबाखाली चुन्यानं रंगवलेला एक लहानसा ओटा होता, त्यावर नेऊन ठेवायची. तो मडमेचा देव आहे असं गोदा कितीतरी दिवस धरून चालली होती. तिथं मडमेचं लेकरू पुरलंय, हे खानसाम्यानं सांगितलं तेव्हा गोदाला दोन घास गेले नव्हते. मग गेल्या ज्येष्ठात मळाच मोडला. दूर कुठंतरी गोऱ्यांची आपसांत लढाई जुंपली होती म्हणे, तिकडची कपाशी यायची बंद झाली आणि वऱ्हाडातल्या कपाशीला सोन्याचा भाव आला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. जो तो मिळेल तिथं सरकी टोचायला लागला. गोदाचा नवरा चंद्रभान आणि त्याचा धाकटा भाऊ जानराव, दोघांनी मिळून दोन दिवसांत मोगऱ्याचे सगळे वाफे कुदळीनं उपटून काढले. फुलावर आलेली झाडं बांधावर पडून होती आणि वास मात्र आठवडाभर जाईना. गोदाला कोणी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? तिच्या बोटांना मात्र त्यानंतर झोपेतसुद्धा चाळा लागला होता, ती उशाशी गोधडीचे दोरे वळत बसायची.

म्हणून मग बंगल्यावर कुंड्यांना पाणी घालायचं काम धरलं, आणि एका दुपारी मडमेच्या हातातला दोरा असा आकड्यातून सुटत-धरत पळताना पाहिला तेव्हा ती हंडा हातात घेऊन उभीच राहिली. मडमेला काय वाटलं कोण जाणे; तिनं पाट पुढे सरकवला. शिकणं सोपं नव्हतं. हार बांधायचा तर प्रत्येक फुलाला फास, आणि प्रत्येक फास दातओठ खाऊन आवळायचा. फूल गळलं की बांधणारीची लाज. सासूबाई, गंगूबाई त्यांचं नाव, हार हातात घेऊन झटकायच्या आणि एक पाकळी जरी पडली तरी तोच हार तोंडावर फेकायच्या. आणि इथं सगळंच उलटं. फास करायचा आणि तो उघडा ठेवायचा. उघड्या फासातून पुढचा फास काढायचा, तोही उघडाच. गोदाची साखळी सुतळीसारखी कडक व्हायची, आकडा आत शिरायचाच नाही, ती जोर करायची आणि बोटाला भोक पाडून घ्यायची. मडम ते हातातून घेऊन सरळ टोक ओढायची, आणि तासभराचं काम सर्र करून नुसता दोरा होऊन पायाशी पडायचं. पहिल्यांदा गोदाला रडू आलं होतं. गाठीशिवाय उभं राहिलेलं काम, एका टोकाच्या भरवशावर! असल्या कामाचा विश्वास कसा धरायचा? पण हळूहळू बोटं सैलावली. एका भोकात दोनदा घाल, मग एकदा, मग पुन्हा दोनदा, असं करत चकती वाढत गेली, आणि गोदाला खरंच, लपवून काय करायचं, सुख झालं. पोट पुढे आलेलं, पाठ भिंतीला टेकलेली, बाहेर रस्त्यावरून कपाशीच्या गाड्या करकरत चाललेल्या, हवेत कापसाचे तंतू तरंगतायत, आणि आपल्या हातून काहीतरी वाढतंय. परवा मडम म्हणाली, ‘अब बस. एक में एक.’ वाढवायचं बंद. तिनं ऐकलं. ऐकलं तिथंच फसली.

पोटात लेकरू असताना त्याच्यासाठी काही करायचं नाही, आणायचं नाही, शिवायचं नाही. हे काय कोणी गोदाला शिकवायला हवं होतं? घरात पाळणासुद्धा बांधत नाहीत. लेकरू आलं, रडलं, पाचवी झाली, की मग ज्याची पोरं जगलीत अशा घरातलं जुनं धडुतं मागून आणायचं आणि त्यात गुंडाळायचं. नवं कापड आधीच तयार ठेवलं की बघणाऱ्याला कळतं, इथं कोणीतरी यायचंय. बघणारा कोण, त्याचं नाव घेत नाहीत. पहिलटकरीण होती तेव्हा गोदाची आई शेंदूरजन्याहून हौसेनं एक दुपटं शिवून घेऊन आली होती, हिरव्या काठाचं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. ते लेकरू बारा दिवसही राहिलं नाही. पुढे सासूबाई मरेपर्यंत घरात काही तुटलं, सांडलं, हरवलं की त्या दुपट्याचं नाव निघायचं. दुसऱ्या वेळी गोदानं चिंधीसुद्धा जमवली नाही. तेही गेलं, रांगायला लागल्यावर, तापानं. पण ते तिच्या हिशेबात कधी आलं नाही. मनाला जे धरायचं असतं तेच मन धरतं. गोदानं दुपटं धरलं होतं. आता हे तिसरं, आणि याच्या वेळी तर आईनं नाही, कोणी नाही, आपण स्वतः, आपल्या हातानं, फेरावर फेर घालून, सुखानं.

घरी जाताना ती रोजच्या वाटेनं गेली नाही. कपाशीच्या बाजाराला वळसा घालून गेली, कारण त्या वाटेवर विहीर होती. विहिरीच्या काठावर उभी राहून तिनं टोपी बाहेर काढली. टाकावी? लेकराची टोपी पाण्यात? छे. घरी जाऊन चुलीत घालावी? शिव शिव. विळीवर उभी चिरावी? नको, नको. उसवावी तर मडमेनं टोक बांधून टाकलं होतं, आणि गोदाचेच शेवटचे फेर असे घट्ट बसले होते की नख शिरेना. कोणाला देऊन टाकावी? आपल्या लेकराचं नशीब कोणाच्या हाती देणार? पोटात सावकाश एक कूस बदलली गेली. गोदानं पोटावर हात ठेवला आणि तिला एकदम सुचलं. जुनी करायची. दुसऱ्याच्या जगत्या-वाढत्या लेकराच्या डोक्यावर एकदा घातली की ती त्याची झाली. मग ती त्याच्याकडून आली, मागून आणलेली, जुनी. बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा जिथं पडायची तिथं पडून गेलेली. हे सुचलं आणि तिला मोकळं वाटलं. नजर जिथं पडायची तिथं, म्हणजे कुठं, हाही विचार आला. आला नाही असं नाही. पापणी लवावी तेवढा वेळ तो होता, आणि गोदा चालायला लागली.

घरात जगतं लेकरू एकच होतं, धाकट्या जावेचं. कौशल्या दिवाळीच्या आधी बाळंत झाली होती. खुशाल नाव ठेवलेलं, आणि पोर नावासारखंच, रडणं माहीत नाही, मांड्यांना वळ्या, कोणीही घेतलं की तोंडभर हसायचं. गोदा आली तेव्हा कौशल्या मागं धुणं आपटत होती आणि खुशाल आढ्याला बांधलेल्या झोळीत जागा होता. काकूला पाहून त्यानं पाय झाडले. गोदानं टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. नुसती टेकवायची आणि काढायची, बस. ती त्याला जराही मोठी नव्हती, लहान नव्हती. पांढऱ्या दोऱ्याच्या जाळीतून त्याचं काळं जावळ दिसत होतं. गोदाच्या मनात आलं, गोजिरं दिसतंय लेकरू. आणि त्या एका कौतुकापायी काढायला उशीर झाला.

‘माय वो! हे का?’ कौशल्या ओल्या हातांनी दारात उभी होती.

‘काई नाई,’ गोदा म्हणाली.

‘काई नाई कसं? पाहा ना कसा दिसते, सायबाचा पोट्टा!’ कौशल्येनं पोर झोळीतून उचललंच. ‘हेच करून राहिल्या होत्या का बाई तुमी बंगल्यावर? याच्यासाठी?’

ती किती पटकन खूश होते, हे गोदाला कधी आवडायचं, कधी नाही. आता तिचं ते वर झालेलं तोंड बघवेना.

‘हो,’ ती म्हणाली, ‘याच्यासाठीच.’

‘मले वाटे, बाईले माह्या पोराचं काई पडलं नाई. दोन गेले ना तुमचे, म्हणून मी बी याले तुमच्यापुढं लई नाचवत नाई.’ कौशल्येचे डोळे भरून आले होते. ‘आन् तुमी याच्यासाठी सुई टोचून घेऊन राहिल्या बोटाले!’

मग ती टोपी खुशालच्या डोक्यावरून निघालीच नाही. दुसऱ्या दिवशी मागून घ्यावी असं गोदानं ठरवलं, आणि मग परवा. काय सांगून मागणार? आणि रोज ती जुनी होतेय ते बरंच की, असंही मन म्हणायचं. टोपीला तेल लागलं, दुधाचा डाग पडला, काजळाचं बोट लागलं. गोदा येता-जाता बघायची. टोपीकडे बघायची की पोराकडे, ते तिलाही सांगता आलं नसतं. पोर खुशाल होतं. हळूहळू तिला धीर आला. बंगल्यावर तिनं सुई पुन्हा हातात घेतली नाही. हात दुखतो म्हणाली.

फाल्गुनात वेचणी संपली आणि मोडलेल्या मळ्यावर गाडीवान उतरायला लागले. बाजारात गाड्यांना जागा उरली नव्हती, अकोल्याकडून, दर्यापुराकडून रांगा लागलेल्या, आणि चंद्रभान-जानरावांनी रिकामं रान त्यांना मुक्कामाच्या तळाला दिलं. जिथं मोगरा होता तिथं आता रात्रंदिवस बैल, चुली, राख, घाण. मळ्याची विहीर एकच, तळालाही आणि घरालाही. चैत्र लागला तसा तळावर एक गाडीवान उलट्या-जुलाबांनी गेला, मग त्याच्या शेजारचा. पटकी. लोकांनी नाव मोठ्यानं घेतलं नाही, तरी दोन दिवसांत बंगल्यांना कुलपं पडली. मडम चिखलदऱ्याला निघून गेली, निरोपसुद्धा न देता. गोदाला त्याचं काही वाटलं नाही. घरात पहिल्यांदा जानरावाला झालं. तो त्यातून उठला. मग खुशालला झालं. सकाळी दूध पडलं, दुपारी डोळे आत गेले, मांड्यांच्या वळ्या सुकून नुसती कातडी लोंबायला लागली, आणि दिवस कलायच्या आत पोर संपलं. विहिरीकडे बोट दाखवणारं त्या घरात कोणी नव्हतं. दाखवलं असतं तरी गोदाला पटलं नसतं. तिला कारण माहीत होतं. तिनं ते आपल्या हातानं विणलं होतं.

जानरावाच्या अंगात उभं राहायचं बळ नव्हतं, म्हणून चंद्रभाननं पोर उचललं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, टोपी डोक्यावर. तेव्हा गोदा पुढे झाली. अवघडलेली, हाताचा आधार घेत उठली आणि टोपीकडे हात नेला. तिला ती हवी होती की नको होती? ती मातीत जाऊ नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आपल्या लेकराच्या नावानं केलेली वस्तू, लेकरू यायच्या आधी मातीत जाऊ नये. त्या घटकेलासुद्धा ती आपल्याच पोटाचा विचार करत होती, आणि हे तिला स्पष्ट दिसलं, आणि तरी हात पुढे गेलाच.

कौशल्येनं तो हात धरला. ‘राहू द्या बाई,’ ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. ‘तुमच्या हातची हाये. ऊन लागन त्याच्या डोक्शाले.’

त्यानंतरचे दिवस गोदा जगली ते पोटाला हात लावून, हललं की नाही ते बघत. घरात कौशल्या असायची. ती रडायची नाही, भाकरी थापायची, सासऱ्याच्या जागी असलेल्या चंद्रभानसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. फक्त मधूनच उठून भिंतीआड जायची आणि भरून आलेलं दूध मातीवर पिळून यायची. येताना चोळी ओली असायची. गोदा मान वर करायची नाही. सांगून टाकावं असं तिला कितीदा वाटलं. ‘कौशल्ये, ती तुझ्या पोराची नव्हती.’ एवढंच तर म्हणायचं. पण सांगून हलकं कोण होणार? ती. आणि कौशल्येला जे एक उरलंय, की माझ्या लेकराचं कोणीतरी एवढं कौतुक केलं, तेही काढून घेणार. असं ती स्वतःला समजवायची. आणि यात भीती किती आणि माया किती, हे बघायला गेली की तिथून मन परत फिरायचं.

गोदा दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी झाली. जिवंत. चंद्रभाननं दारातून ऐकलं, ‘बरं’ म्हणाला आणि बैलांकडे गेला. मुलगी एवढीशी होती, आवाज मांजरीच्या पिलाचा. सुईण पार्बताबाई म्हातारी होती आणि तिची जीभ तिखट होती. तिनं गोदाची छाती दाबून पाहिली, शेक दिला, बाळंतशेप खायला घातली, पण दूध उतरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी पोर रडायचंही थांबलं. ओठ कोरडे, टाळू खोल गेलेली. गोदा त्या टाळूकडे बघत पडली होती, आणि तिला वाटत होतं, आता येतंय ते, ठरल्याप्रमाणे.

‘असं नाई चालत,’ पार्बताबाई म्हणाली. ‘गोदे, तुये दोन गेले. ही बी चालली. ही लेक तुही नाई असं म्हन आन् दुसरीच्या ओटीत टाक. मंग मूठभर कोंडा देऊन तिच्यापासून मांगून घेजो. इकत घेतलेली लेक मंग कोनाची नजर खात नाई. कौशल्येले बलावतो. तिले दूध बी हाये.’

‘तिच्या नको,’ गोदा म्हणाली.

‘काहून?’

कौशल्या दारातच होती. तिनं ऐकलं. गोदाला तिचा चेहरा दिसला, आणि त्या चेहऱ्यात काय झालं तेही दिसलं. पोर मेलेली बाई, तिच्या सावलीत लेकरू नको, असंच तिला वाटलं असणार. दुसरं काय वाटेल? ती मागं सरली.

‘कौशल्ये,’ गोदानं हाक मारली. ‘ये. घे तिले.’

कौशल्या आली, खाली बसली. पार्बताबाईनं पोर तिच्या ओटीत टाकलं. कौशल्येला काही सांगावं लागलं नाही. तिनं चोळीची गाठ सोडली. पोरीला आधी धरताच येईना, दूध गालावरून मानेकडे ओघळलं. मग एकदम तोंड लागलं, आणि क्षणभरानं घोट गिळल्याचा आवाज आला, मग दुसरा. कौशल्येनं डोळे मिटून घेतले. किती दिवसांनी ती रडत होती, आवाज न करता, आणि एक हात पोरीच्या उघड्या डोक्यावर नुसता धरून होती.

पार्बताबाईनं सुपातून कोंडा आणला. ‘हं. घे मूठभर आन् मांग.’

गोदानं मूठ भरली. मागायचे शब्द तिला पाठ होते, लहानपणापासून ऐकलेले. ती मुलीकडे बघत राहिली. आपल्या हाती आली की ही जाणार, आणि तिच्या हाती राहिली तर जगेल. हे एक. आणि त्या बाईचं आपण एक लेकरू देणं लागतो, हे दुसरं. यातलं आपण कशासाठी करतोय, हे ठरवायचा तिनं प्रयत्न केला. दोन्ही एकमेकांत इतकं गुंतलं होतं की ठरेना. तिनं मूठ उघडली आणि कोंडा सुपात परत टाकला.

‘राहू दे तिच्यापाशी.’

‘आजच्या दिवस?’ पार्बताबाईनं विचारलं.

‘नाई. राहूच दे. तिचीच म्हना.’

कौशल्येनं डोळे उघडले. पार्बताबाईला समजलं, किंवा समजलं असं वाटलं. ‘पोरगी झाली म्हणून, का वो?’ ती म्हणाली. ‘लाज वाटू दे बापा थोडी. एवढ्या नवसाची!’

कौशल्याही आता गोदाकडे बघत होती. त्या नजरेत आनंद होता, तो लपत नव्हता. आणि त्याच्या मागोमाग गोदाबद्दलची किळस येत होती, तीही लपत नव्हती. ‘बाई,’ ती हळूच म्हणाली, ‘खरंच? पोरगी हाये म्हणून?’

‘हो,’ गोदा म्हणाली. ‘पोरगीच तर हाये.’

कौशल्येनं पोरीला पदराखाली घेतलं आणि गोदाकडे पाठ करून बसली. पदराआडून घोट गिळल्याचा आवाज येत होता, आता चांगला जोरानं. तो ऐकता ऐकता गोदाच्या छातीत कळ आली, आणि मग ऊन ऊन काहीतरी सुटलं. तिनं पाहिलं तर चोळी भिजत चालली होती. तिनं पटकन पदर ओढून घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही हातांनी छाती घट्ट दाबून धरली.